तिसरी गोलकीपर

सिग्ने हापलानं हॉकी सोडायचं ठरवलं ते रडूनभेकून नाही, की कोणाशी भांडून नाही. ती दमली होती. कारण एवढंच होतं, आणि ते कोणाला सांगायला जावं तर कारणासारखं वाटत नसे.

बर्च हार्बरच्या कॉलेजात तिचं हे दुसरं वर्ष. मुलींच्या आइस हॉकी संघात तीन गोलकीपर होत्या. पहिली जोर्डी पेल्टियर, मॅनिटोबाची, शेवटच्या वर्षाला असलेली, गोलमध्ये उभी राहिली की जाळं लहान झाल्यासारखं वाटायचं. दुसरी पायपर. तिसरी सिग्ने. तिसऱ्या गोलकीपरनं सरावात सगळ्यांचे फटके अंगावर घ्यायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि सामन्याच्या दिवशी पॅड, हेल्मेट, सगळा शृंगार चढवून बाकाच्या टोकाला दाराशी उभं राहायचं. दमलेल्या पोरी बर्फावरून आत येणार, ताज्या पोरी बाहेर जाणार. त्यांच्यासाठी दार उघडायचं आणि लावायचं. हे दार मात्र सिग्नेनं असं सांभाळलं होतं की कोणाचं बोट कधी सापडलं नाही. पहिलं वर्ष पूर्ण गेलं, दुसऱ्याचा नोव्हेंबर उजाडला, पण सामन्यात ती गोलसमोर उभी राहिली नव्हती.

तेही चाललं असतं. पण ती नर्सिंगला होती. सराव उजाडण्याआधी. तिथून केस ओले असतानाच हॉस्पिटल, दिवसभर उभं राहणं, म्हाताऱ्यांना उठवणं-बसवणं, संध्याकाळी वजनं उचलायची, मग अभ्यास. एका दुपारी एका आजोबांचा रक्तदाब मोजता मोजता तिचा डोळा लागला. आजोबांनीच तिला हलवलं. म्हणाले, "बाळ, माझा राहू दे, तुझाच मोजून घे एकदा."

त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं.

ती मूळची कॅरिबू फोर्कची, मिनेसोटाच्या वरच्या अंगाला, जिथे गाव संपलं की झाडं सुरू होतात ती थेट कॅनडापर्यंत. नऊ वर्षांची असताना तिच्या संघातल्या गोलकीपरचं बिऱ्हाड डुलुथला हललं. कोचनी विचारलं, आता गोलमध्ये कोण? सगळी पोरं आपापल्या स्केट्सकडे बघायला लागली. सिग्ने तेवढी वर बघत होती. झालं, गळ्यात पडलं ते पडलंच. शाळेचा संघ यथातथाच, त्यामुळे तिच्यावर फटक्यांचा नुसता पाऊस पडायचा. गाव हरायचं, पण पोरीला 'आमची भिंत' म्हणायचं. पेट्रोल पंपावर, चर्चच्या जेवणात, न्हाव्याच्या दुकानात तिच्या बापाला लोक थांबवून सांगायचे, पोरगी काय उभी राहते हो! त्या गावच्या भिंतीला कॉलेजात आल्यावर दाराशी उभं केलं होतं.

गुरुवारी सरावानंतर ती मार्गो डेलाने कोचच्या खोलीत गेली. कोच पन्नाशीच्या, आवाज कायम बसलेला, कपाळावर चष्मा आणि तोच शोधत असायच्या.

"कोच, नाताळच्या सुट्टीनंतर मी संघात नसेन."

कोचनी तिच्याकडे बघितलं. सिग्नेनं रात्रभर मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. नको सोडूस म्हणाल्या तर हे सांगायचं, का म्हणाल्या तर ते.

"नर्सिंगमुळे?"

"दमलेय मी."

"हं." कोचनी डोळे चोळले. "ठीक आहे. सुट्टीपर्यंत आहेस ना? बरं झालं वेळेवर सांगितलंस."

बस्स. एकही उत्तर वापरावं लागलं नाही. सिग्ने बाहेर आली आणि तिला इतकं वाईट वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. जायचंच होतं, पण निदान कोणीतरी हात धरेल असं ती धरून चालली होती. घरी तिनं अजून काही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी लार्कस्परला, तिथल्या कॉलेजशी खेळायला, जायची बस. कॉलेज हॉकीत पाहुणे संघ एकाच ठिकाणी लागोपाठ दोन सामने खेळतात, शुक्रवारी आणि शनिवारी. बस सुटायच्या आधी निरोप आला की पायपरचा घसा सुजलाय, अंगात सणकून ताप आहे, ती येत नाही.

"म्हणजे आज तुला बढती," टीगन म्हणाली. ही संघाची कप्तान, बचावातली, सिग्नेची खोलीतली जोडीदार. आडव्या बांध्याची आणि तिखट तोंडाची. "दुसरी गोलकीपर! दार उघडायला आता माणूस ठेव."

"तूच राहा की. तसंही तू बर्फावर जास्त वेळ बसलेलीच असतेस."

"बघा, बढती मिळाली की माणसं बदलतात!"

हरणांच्या शिकारीचा हंगाम होता. रस्त्यावर दर दुसऱ्या गाडीच्या मागे एखादं हरीण आडवं टाकलेलं. सिग्ने काचेला डोकं टेकून झोपली ती लार्कस्पर येईपर्यंत.

सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. जोर्डी एका फटक्यासाठी उजवीकडे सरकली, पक, म्हणजे खेळातली चकती, अडवला, आणि उठलीच नाही. आधी सगळ्यांना वाटलं, पकवर झोपलीय. मग तिचा आवाज आला. टीगन आणि डॉक्टर दोघींनी तिला खांद्यावर घेऊन आणलं. गुडघा असा हाताळत होत्या जणू तो काचेचा होता. दार सिग्नेनंच उघडलं. जोर्डी आत गेली, आणि दार उघडंच राहिलं, कारण आता बाहेर सिग्नेलाच जायचं होतं.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास म्हणतात तशी गत. लार्कस्परचा संघ तगडा, बर्च हार्बरचा बेताचा, आणि गोलमध्ये अशी मुलगी जिचे पाय बाकाशी उभं राहून गारठून गेलेले.

पहिला गोल बसला तो मैदानाच्या मधल्या रेषेवरून. कोणी गोल मारायचा म्हणून मारलाही नव्हता. खेळाडू बदलायच्या म्हणून एकीनं पक उगाच पुढे ढकलून दिला होता. रबराची ती काळी चकती एकदा उडाली, टेकली, आणि सिग्नेच्या दोन पायांच्या मधून निवांत आत गेली. क्षणभर कोणाला कळेचना. मग सगळं स्टेडियम हसलं.

लार्कस्परच्या पोरांची एक रीत होती. गोल झाला की ती उभी राहून बोटं दाखवत गोलकीपरचं नाव घेत ओरडायची. नाव छापील पत्रकातून बघितलेलं, उच्चार मनाचा.

"साइन! साइन! साइन! तुझीच चूक! तुझीच चूक!"

दुसऱ्या गोलला सिग्नेच्या मनात आलं की निदान नाव तरी नीट घ्या रे. चौथ्यानंतर तेही वाटेनासं झालं. पाचव्याला टीगननं तिच्या हेल्मेटवर काठी टेकवली, म्हणाली, "माझा होता तो, माझ्या पायाला लागून गेला," पण तो तिच्या पायाला लागला नव्हता हे दोघींना माहीत होतं. शेवटी फळ्यावर आठ-एक दिसत होतं. कोचनी तिला बाहेर काढलं नाही, कारण काढून आत कोणाला घालणार?

खोलीत टेप सोलण्याचा आवाज तेवढा येत होता. कोच आत आल्या, म्हणाल्या, "उद्या परत आहेच," आणि गेल्या. सिग्ने पॅड सोडवायला वाकली. तेवढ्यात अंघोळीच्या भिंतीपलीकडून लेनीचा आवाज आला. लेनी पहिल्या वर्षाची, पुढच्या फळीतली, चपळ पोरगी.

"उद्या गोल रिकामाच ठेवू या. काय फरक पडतोय? निदान एक खेळाडू जास्त मिळेल."

कोणीतरी हसलं, कोणीतरी "शू:" केलं. सिग्ने पट्टा सोडवत राहिली. तिला राग यायला हवा होता. पण रागाला जे काही लागतं ते शिल्लक नव्हतं. उलट तिनं मनात हिशेब केला, की पोरगी म्हणतेय त्यात तसं चुकीचं काही नाही.

हॉटेलच्या खोलीवर आईचा फोन आला. आई, रोन्डा, कॅरिबू फोर्कच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकघर सांभाळायची. सामना तिनं कम्प्युटरवर बघितला होता, शेजारपाजार गोळा करून.

"खाल्लंस का?"

"हो."

"काय?"

"पिझ्झा. आई, तू बघितलंस ना?"

"बघितलं की. मिसेस टुओमी पण होत्या, त्यांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांना वाटतंय तू जिंकलीस. मी काही बोलले नाही. उद्या तूच?"

"दुसरं कोण आहे?"

"झोप मग," आई म्हणाली.

सकाळी हॉटेलच्या जेवणघरात सिग्ने बशीतल्या वाफलकडे बघत बसली होती. कोच कॉफी घेऊन समोर येऊन बसल्या.

"पायपरला अजून ताप आहे. जोर्डीचं तुला माहीतच आहे. आज तूच उतरणार."

"हो."

"तुझ्यावर माझा फार विश्वास आहे वगैरे मी सांगू शकते. पण तू ऐकून घेण्याच्या पलीकडे दमलेली दिसतेस, आणि मीही. दुसरं कोणी नाही, म्हणून तू."

सिग्नेला विचित्र बरं वाटलं. इतक्या दिवसांत तिच्याशी कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं. कोच उठल्या, चष्मा शोधायला लागल्या. सिग्नेनं त्यांच्या कपाळाकडे बोट दाखवलं.

कोच गेल्यावर कुबड्या खटखटवत जोर्डी आली. गुडघा बांधलेला, डोळे सुजलेले. समोरच्या खुर्चीवर पाय ठेवायला तिला बराच वेळ लागला.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"घरी गेल्यावर फोटो काढतील. पण आवाज मी ऐकला ना. गेला तो." तिनं सिग्नेचं वाफल आपल्याकडे ओढलं आणि तोडून खायला लागली. "चार वर्षं. आणि शेवटचं असं. बरं, ते जाऊ दे. कालचं सांगते. पहिला गोल हसण्यावारी नेण्यासारखा होता, कोणालाही होतो. मला झालाय. पण त्यानंतर तू काय केलंस माहीत आहे?"

"सात अजून खाल्ले."

"मागे सरकलीस. प्रत्येक गोलनंतर थोडी थोडी. शेवटी इतकी आत की, अगं, जाळ्यात बिऱ्हाड थाटलं होतंस! त्या पोरींना समोर नुसतं मोकळं रान. तू पुढे आलीस की त्यांना जाळं दिसतच नाही, तू दिसतेस. हे तुला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

सिग्ने टेबलावरचा साखरेचा डाग बोटानं पुसत राहिली. "भीती वाटली. पुढे आले की अजून वाईट दिसेन असं वाटलं."

"आठच्या पुढे काय वाईट दिसणार आहेस?"

सिग्नेला हसू आलं. आणि हसता हसताच तिनं सांगून टाकलं, "जोर्डी, मी सोडतेय. नाताळनंतर. कोचना सांगितलंय."

जोर्डीनं काटा खाली ठेवला. तिचा चेहरा असा झाला की आता ती ओरडणार. दोन चांगले गुडघे घेऊन बसलेली मुलगी तिला म्हणत होती, नको मला. पण ती ओरडली नाही. तिनं वाफलचा उरलेला तुकडा सिग्नेकडे परत सरकवला.

"सोड की," शेवटी ती म्हणाली. "तुझा जीव आहे. पण आज संध्याकाळनंतर सोड. आज सोडलीस तर ही कुबडी घालीन डोक्यात."

शनिवारच्या सामन्याला लार्कस्परची पोरं कालच्यापेक्षा जास्त जमली होती. कालची गंमत पुन्हा बघायला मिळणार म्हणून काहींनी मित्रांना आणलं होतं. सिग्ने बर्फावर आली तेव्हाच ओरडा झाला, "साइन!" तिनं काठीनं दोन्ही खांब ठोकले, श्वास घेतला आणि पुढे आली. गोलसमोरच्या निळ्या अर्धवर्तुळाच्या अगदी कडेला, मग कडेच्याही जरा बाहेर. मागचं जाळं आता दिसत नव्हतं, पाठीला थंड हवा लागत होती. उघड्या माळावर उभं केल्यासारखं वाटत होतं.

पहिला फटका छातीवर बसला. दुसरा पॅडवर. तिसरा तिनं बघितलाच नाही, तोच तिच्या खांद्यावर येऊन आदळला. पुढे आलेल्या माणसाला पक आपण होऊन शोधत येतो हे ती विसरली होती. सामन्याच्या तीन भागांतला पहिला संपला तेव्हा फळ्यावर दोन्हीकडे शून्य होतं. खोलीत अजूनही कोणी बोलत नव्हतं, पण आजची शांतता वेगळी होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, जणू बघितलं तर मोडेल.

दुसऱ्या भागात गोल बसला. गर्दीतून आलेला, कोणाच्या तरी काठीला लागून वळलेला. पोरं उभी राहिली, बोटं रोखली. तुझीच चूक, तुझीच चूक. सिग्ने ऐकत उभी राहिली. तिला वाटलं होतं पाय आपोआप मागे जातील. पण लाज वाटायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि तो काल रात्रीच संपला होता. तिनं बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि होती तिथेच उभी राहिली. खाली वाकताना तिला ओरडणाऱ्या पोरांच्या वरच्या रांगेत एक नारिंगी ठिपका दिसला. शिकारीचा कोट. आई. बापाचा जुना कोट घालून, टोपी कानापर्यंत ओढून, एकटीच. निम्मं राज्य ओलांडून बर्फाळ रस्त्यानं आली होती आणि सामना निम्मा संपल्यावर पोचली होती. ती ओरडत नव्हती, टाळ्याही वाजवत नव्हती. थर्मासमधून कॉफी ओतून घेत होती.

तिसऱ्या भागात लार्कस्परनं वेढाच घातला. एकदा तर सिग्ने आडवी पडलेली, काठी हातातून गेलेली, आणि पक समोर मोकळा. टीगन अंगाखाली कोणाला चिरडतेय हे न बघता त्यावर पडली. उठताना धापा टाकत म्हणाली, "हा मात्र खरंच माझा होता."

मग अगदी शेवटच्या मिनिटाला लेनीनं गोल केला. एकटीनं पक चोरून नेला, दोघींना हूल दिली आणि आत घातला. एक-एक. तिच्या मैत्रिणी तिच्यावर तुटून पडल्या. सिग्ने दुसऱ्या टोकाला एकटी होती. ती गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता जादा वेळ खेळावा लागणार. देवा, अजून.

जादा वेळेत दोन्हीकडे तिघी-तिघीच. सगळा बर्फ मोकळा, आणि लार्कस्परची सगळ्यात वेगवान पोरगी एकटीच सिग्नेवर चालून आली. सिग्ने पुढे गेली, मग तिच्या वेगानं मागे येत राहिली, एकीचा पाय पडेल तसा दुसरीचा, जणू दोघी मिळून काहीतरी जड वस्तू घरात आणत होत्या. मुलीनं डावीकडे दाखवलं आणि उजवीकडे उचलून मारला. सिग्नेचा हात पोचला नाही. पक तिच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळला, कानात घंटा वाजली, हेल्मेट निघून लांब घरंगळत गेलं आणि पंचानं शिट्टी दिली. उघड्या डोक्यानं ती बर्फावर बसली होती. ओरडणारी पोरं पहिल्यांदाच गप्प झाली. मग त्यांच्यातल्या एकानं टाळी वाजवली, बहुतेक चुकूनच.

जादा वेळही तसाच संपला आणि सामना बरोबरीत सुटला. बरोबरीनंतर नेमकं काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं. आनंद करावा तर जिंकलो नाही, मान खाली घालावी तर हरलोही नाही. पण बर्च हार्बरच्या पोरी एकेक करून आल्या आणि सिग्नेच्या कपाळाला कपाळ टेकवून गेल्या. लेनी सगळ्यांत शेवटी आली.

"काल मी अंघोळीच्या तिथे जे बोलले ना..."

"ऐकलं मी."

लेनीचे कान लाल झाले. "मला तसं..."

"काल ते खरंच होतं," सिग्ने म्हणाली. "जाऊ दे. गोल झकास होता."

बाहेर पडायच्या दारात लार्कस्परचा एक म्हातारा उभा होता, हंगामभर प्रत्येक सामना बघणाऱ्यांपैकी. त्यानं तिच्या बॅगेवरचं नाव वाचलं, तिच्याकडे बघितलं. "काल ती तुझी बहीण होती का गं?"

"हो," सिग्ने म्हणाली. "ती जरा लाजरी आहे."

गाड्या लावतात तिथे आई वाट बघत होती. इंजिन चालू, काचा धुक्यानं भरलेल्या. सिग्ने आत बसली तशी आईनं तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला पुल्ला, घरचा गोड पाव, ठेवला, वेलची घातलेला, अजून मऊ. बस सुटायला थोडा वेळ होता. दोघी तोडून तोडून खात बसल्या.

"बाबा?"

"रानात. हरीण मिळेपर्यंत येत नाहीत. म्हणजे वसंतात येतील."

"आई, मी हॉकी सोडायचं ठरवलंय. म्हणजे, ठरवलं होतं. गुरुवारी कोचना सांगितलं."

आई चावत राहिली. वायपर एकदा फिरवला. "मला वाटलंच होतं. फोनवर तुझा आवाज कसा येतो हल्ली, विहिरीतून बोलल्यासारखा. मी बाबांना म्हटलंसुद्धा, पोरगी नाताळला काहीतरी सांगणार."

"तुला वाईट वाटेल असं वाटलं. गावाला पण."

"गावाचं सोड. गाव उद्या दुसरी भिंत शोधेल. आणि माझं म्हणशील तर, तू नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून मी थंडगार बाकांवर बसतेय. माझ्या कमरेला विचार, तिला काही वाईट वाटतंय का." मग तिनं पोरीच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. "पण आजचं चांगलं होतं हं. आजच्यासाठी येणं काही वाया गेलं नाही. आता तू ठरव. माझ्या तोंडाकडे बघून काही करू नकोस."

बसमध्ये कोच पुढच्या बाकावर होत्या. सिग्ने चढली तशी त्यांनी तिला थांबवलं. "पायपर सोमवारी येईल. बरी असली तर पुढचे सामने तीच खेळेल. तुला आधीच सांगून ठेवते."

"बरं."

"आणि गुरुवारचं?"

"कोच, मला आधी झोपून उठू द्या."

रविवारभर ती झोपली. सोमवारी सरावाला गेली, कारण पायपरला अजून उभं राहवत नव्हतं आणि गोलमध्ये कोणीतरी हवं होतं. पुढच्या आठवड्यातले दोन्ही सामने तिलाच खेळावे लागले. एक जिंकला, एक वाईट हरला. मग पायपर परत आली आणि सिग्ने पुन्हा दाराशी उभी राहिली. जोर्डीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ती उरलेला हंगाम कुबड्यांवर बाकामागे उभी राहून पंचांना शिव्या देत होती आणि दोनदा तिला त्यासाठी बाहेर काढलं.

नाताळच्या सुट्टीच्या आधी सिग्ने कोचच्या खोलीत गेली. या वेळी तिनं उत्तरं जुळवली नव्हती.

"मी थांबते. पण ज्या दिवशी हॉस्पिटल असेल त्या दिवशी पहाटेच्या सरावाला मी येणार नाही. त्यासाठी खेळवलं नाहीत तरी चालेल. दारसुद्धा उघडीन. पण त्या दिवशी मी झोपणार."

कोचनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तिच्याकडे नीट बघितलं, कदाचित पहिल्यांदाच. "हे आधी का नाही मागितलंस?"

"मागता येतं हे माहीत नव्हतं."

"गुरुवारी तू आलीस तेव्हा मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, एक माणूस कमी झालं की माझं एक काम कमी होईल. मीही दमले होते गं." मग भिंतीवरच्या वेळापत्रकावर त्यांनी सिग्नेच्या नावापुढचे मंगळवार आणि गुरुवार पेनानं खोडले.

जानेवारीतल्या पहिल्या मंगळवारी सिग्ने जागी झाली तेव्हा खिडकीत ऊन आलेलं होतं. कितीतरी दिवसांनी तिनं पलंगावर पडल्या पडल्या ऊन बघितलं. अंग अजून जडच होतं. तेवढ्यात दार ढकलून टीगन आत आली, घामानं भिजलेली, गाल लाल.

"उठलीस का, राणीसाहेब? आज तुझ्या जागी गोलमध्ये कोण उभं राहिलं सांग."

"पायपर."

"ती एका बाजूला. दुसऱ्या बाजूला कोच! तुझे जुने पॅड बांधून."

सिग्ने कोपरावर उठली. "मग? तुम्ही हळू मारले ना?"

टीगननं मोजे काढून कोपऱ्यात फेकले आणि आपल्या पलंगावर अंग टाकलं.

"छे! आज आम्ही इतका मन लावून सराव केला ना, की विचारू नकोस."